बुर्किना फासोतलं मलेरिया संशोधन: पैसा बाहेरचा, मग प्रश्न कोण ठरवणार?

सह्यवारा:
पुण्याच्या सीरमची आर-२१ ही मलेरियाची लस ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली, तेव्हा आपल्याकडे मोठे मथळे झळकले. ती जिथे खरी पारखली गेली, त्या नानोरोचं नाव मात्र किती जणांना आठवतं? पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोतलं हे गाव. तिथे प्रा. हालिदू तिंतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५० मुलांवर दुसऱ्या टप्प्याची चाचणी केली. २०२१ मध्ये निकाल आला: वर्षभरात ७७ टक्के संरक्षण. काम तिथल्या लोकांचं, पण पैसा युरोप-आफ्रिका चाचणी भागीदारीचा आणि लंडनच्या वेलकम ट्रस्टचा.

माझा आक्षेप मदतीला नाही. २००१ मध्ये नायजेरियातल्या अबुजात आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी अर्थसंकल्पाचा १५ टक्के वाटा आरोग्याला देण्याचं ठरवलं. बहुतेक देश त्याच्या जवळपासही गेले नाहीत. देणारा दूर असला की विषयही तोच निवडतो. लशीला, मलेरिया रोखायला जनुकीय बदल केलेल्या डासांना पैसा मिळतो. कुठल्या भागात मच्छरदाणीवरचं औषध निकामी झालंय, तापलेलं मूल दवाखान्यात उशिरा का पोचतं, या रोजच्या प्रश्नांकडे कोण बघणार? तिथल्या सरकारने थोडा का होईना, पण स्वतःचा संशोधन निधी उभा केलाच पाहिजे.

अबोली:
सह्यवारा, पूर्ण असहमत. २०२३ पर्यंत त्या देशात जिहादी हिंसाचारामुळे २० लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून गेली होती. शेकडो दवाखाने बंद पडले. अशा सरकारला तुम्ही आधी संशोधन निधी काढा म्हणता? आर-२१च्या तिसऱ्या टप्प्याच्या खर्चात तर सीरमचाही वाटा होता, तो पैसाही बाहेरचाच. त्यात बुर्किना, माली, केनिया आणि टांझानियाची मिळून सुमारे ४,८०० मुलं होती. तो पैसा नको म्हणायचं का? २०२३ मध्ये जगात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यातली ९५ टक्के आफ्रिकेत, आणि तिथल्या मृतांत चारात तीन पाच वर्षांखालची मुलं. आई मुलाला टोचून घेते तेव्हा पावती कुणाच्या नावाची होती हे विचारत नाही.

सह्यवारा:
अबोली, नको असं मी कुठे म्हटलं? पण २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा काय झालं ते बघा. यूएसएड या अमेरिकी सरकारी मदत संस्थेचा स्वतःचा मलेरिया लस संशोधन कार्यक्रम होता, तोही त्यात सापडला. असा निर्णय आला की निम्म्यावर आलेली कामं तशीच अडकतात. नमुने, प्रशिक्षित माणसं, गावकऱ्यांना दिलेला शब्द, हे सगळं पुन्हा जुळवणं फार अवघड.

कपाशी_यवतमाळ:
दोघांनाही एक आठवण करून द्यायची आहे. बुर्किनाने २००८ मध्ये बीटी कापूस घेतला आणि धागा आखूड निघू लागल्यावर २०१६ पर्यंत सोडूनही दिला. आम्हा कापूसवाल्यांना ती गोष्ट चांगली माहीत आहे. बाहेरून आलेल्या जनुकीय तंत्राबद्दल तिथे शंका असेल, तर तिच्यामागे अनुभव आहे. त्याच देशात टार्गेट मलेरिया या प्रकल्पाने २०१९ मध्ये बाना गावात जनुकीय बदल केलेले वंध्य नर डास सोडले. पैसा मुख्यतः गेट्स फाउंडेशन आणि ओपन फिलान्थ्रॉपीचा. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या लष्करी सरकारने तो प्रकल्प बंद पाडला. मला यात चूक दिसत नाही. माती त्यांची, निर्णयही त्यांचा.

अबोली:
निर्णय त्यांचा हे मान्य. पण सरकारने थांबवलं म्हणजे लोकांनी थांबवलं असं होत नाही. बोबो-जुलासो शहरातले बुर्किनाचेच शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं गावोगाव बैठका घेत होते, सरकारी जैवसुरक्षा यंत्रणेची परवानगी घेत होते. तो प्रकल्प फक्त गोऱ्यांचा नव्हता. त्याच भागात कापसावरच्या फवारणीमुळेही डास मच्छरदाणीवरच्या पायरेथ्रॉइड या कीटकनाशकाला दाद देईनासे झालेत. मच्छरदाण्या कमी पडताहेत म्हणून तर लोक नवे उपाय शोधत होते.

कपाशी_यवतमाळ:
मग तोच मुद्दा आहे ना! फवारणी आणि डास यांचा संबंध आम्हाला शेतातूनच कळतो. त्यावर कापूस खात्याने आणि आरोग्य खात्याने मिळून काम करायला परदेशी संस्थेची वाट का बघायची?

रानवाट:
वाद दोन टोकांना गेलाय. स्थानिक प्रश्नावर बाहेरचा पैसा लागतच नाही, असं नाही. लहान मुलांना पावसाळ्यात दरमहा औषध देणं आणि पावसाळ्याआधी आरटीएस,एस ही लस टोचणं, दोन्ही एकत्र केलं तर काय होतं, हे बुर्किना आणि मालीतल्या संशोधकांनी लंडनच्या शास्त्रज्ञांबरोबर तपासलं. २०२१ मध्ये निकाल आला: एकेका उपायापेक्षा दोन्ही मिळून गंभीर मलेरिया सुमारे ७० टक्क्यांनी कमी. हा प्रश्न तिथल्या पावसाळ्यातून निघाला होता. म्हणून मला अबोलीचं पटतं, पैसा कुठूनही येऊ दे. सह्यवाराचंही अर्धं पटतं, पण निधीपेक्षा आधी विषय ठरवणाऱ्या समितीत तिथल्या माणसांचं बहुमत हवं. ते खर्चाशिवाय होतं.

सह्यवारा:
बहुमत ठीक, पण पैसा देणाऱ्याने हात आखडता घेतला की समिती काय करणार? मी निधीचा आग्रह सोडत नाही. संपूर्ण चाचणीचा खर्च नको, निदान प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांचे पगार आणि साठवलेल्या नमुन्यांचा फ्रीझर चालू राहील एवढं तरी सरकारी खर्चातून व्हावं.

अबोली:
एवढ्यापुरतं असेल तर माझी हरकत नाही. पण त्यासाठी पावसाळ्यातल्या औषधाच्या गोळ्यांचे पैसे वळवलेले मला चालणार नाहीत.