एलएक्सएमएल बसेना, कंपायलर टाकला तरी एरर

शेवटचापान
विंडोज ११, ६४ बिट, पायथन ३.१२. एका मुक्तस्रोत प्रोग्रॅमच्या रिक्वायरमेंट्स फाइलमधलं (लागणाऱ्या पॅकेजांची यादी) एलएक्सएमएल ४.६.३ हे एक्सएमएल-एचटीएमएल वाचणारं पायथन मॉड्यूल काही केल्या बसत नाही. आधी 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० किंवा पुढचं हवं' असा संदेश आला. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या बिल्ड टूल्समधला सी++ वर्कलोड (म्हणजे कंपायलर, सोर्स कोडचं चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणारा) टाकला, काही जीबी जागा गेली. आता 'लिबएक्सएमएल२ इन्स्टॉल आहे का?' असं उलट मलाच विचारतंय! प्रोग्रॅमिंग येत नाही, प्रोग्रॅम फक्त वापरायचाय. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

अर्धविराम
शेवटची ओळ सोडा, जरा वर सरका. तिथे 'एरर सी१०८३' दिसेल आणि 'लिबएक्सएमएल/एक्सपाथ.एच' सापडली नाही असं लिहिलेलं असेल. म्हणजे कंपायलर नीट चालतोय, पण ज्या सी लायब्ररीवर (लिबएक्सएमएल२) हे मॉड्यूल उभं आहे तिच्या हेडर फाइल (कंपाइल करताना लागणाऱ्या '.एच' फाइल) विंडोजवर नाहीतच. त्या मिळवल्या तरी २०२१ सालचा हा कोड ३.१२ वर कंपाइल होईलच असं नाही, कारण पायथनच्या आतल्या रचना दर आवृत्तीत थोड्या बदलतात. या वाटेला जाऊच नका.

मुळात कंपाइल करायची वेळ का आली? पिप (पायथनची पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम) आधी तयार व्हील, म्हणजे आधीच कंपाइल केलेलं पॅकेज, शोधतो. तिच्या नावात 'सीपी३९' आणि 'विन_एएमडी६४' अशा खुणा असतात: पायथन ३.९ आणि ६४ बिट विंडोज. ४.६.३ आलं तेव्हा ३.१२ नव्हतंच, त्यामुळे जुळणारी व्हील नाही. मग पिप गुपचूप सोर्स उतरवून कंपाइल करायला बसतो आणि पुढचं सगळं रामायण घडतं.

रिक्वायरमेंट्स फाइलमधल्या त्या ओळीतलं '==४.६.३' काढा, नुसतं नाव ठेवा. मग (रोमन लिपीत) टाइप करा:

पाय -३.१२ -एम पिप इन्स्टॉल --ओन्ली-बायनरी :ऑल: -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

या पर्यायाने पिप सोर्सला हातच लावत नाही. व्हील नसेल तर तिथेच थांबतो आणि कुठलं पॅकेज अडलं ते कळतं.

खटपट्या
सहमत. प्रोग्रॅम जुन्याच आवृत्तीवर अडून बसला तर पायथन ३.९.१३ शेजारी बसवा, ३.९ मधला विंडोज इन्स्टॉलर असलेला तो शेवटचा, पुढचे नुसते सोर्स. मग 'पाय -३.९ -एम व्हेन्व जुने' करून 'जुने' नावाच्या त्या वेगळ्या फोल्डरात सगळं टाका. पण ३.९ चे सुरक्षा अपडेट २०२५ मध्ये थांबलेत, तेव्हा नाइलाज असेल तरच. त्याआधी 'पाय -०' देऊन पाहा: यादीत '-३२' दिसलं तर ते ३२ बिट पायथन, त्याला ६४ बिटची व्हील चालत नाही.

उबुंटूवर हाच प्रकार झाला तर बिल्ड-इसेन्शियल, पायथन३-डेव्ह, लिबएक्सएमएल२-डेव्ह आणि लिबएक्सएसएलटी१-डेव्ह टाकले की बहुधा काम भागतं. विंडोजवर अशी सोय नाही, आणि 'फक्त पिप इन्स्टॉल करा' लिहिणाऱ्या लेखकांना त्याचं काही सोयरसुतक नसतं.

शेवटचापान
बसलं! पण प्रोग्रॅम उघडताना 'एलएक्सएमएल.एचटीएमएल.क्लीन' नावाने नवा एरर.

अर्धविराम
५.२ पासून तो भाग वेगळा काढलाय. 'एलएक्सएमएल_एचटीएमएल_क्लीन' पॅकेज टाका, ते शुद्ध पायथनमध्ये आहे, कंपायलर लागत नाही. बिल्ड टूल्स आता खुशाल काढून टाका.