मुलगी फिलिपिन्सला, राख पडतेय. तिला काय सांगू? (लवकर!)

गुहागरची आई
मुलगी तिकडे मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काल रात्रीपासून ज्वालामुखीची राख पडतेय. गॅलरीत बोट ओढलं की रेघ उमटते आणि चपलेखाली रव्यासारखी चुरचुरते म्हणाली. हे बोटीवर आहेत, फोन लागत नाही. टीव्हीवर नुसता लाव्हा दाखवतात. आत्ता या घडीला तिने काय करायचं ते सांगा.

खाडीकाठ
ताई, डोंगर कुठला, गाव कुठलं? फिलिपिन्समध्ये जागृत ज्वालामुखी वीसच्या वर आहेत.

देवगडकर
पहिल्या विमानाने घरी आणा. शिक्षण कुठे पळून जात नाही.

बोटवाला
विमान कसं उडेल? राख इंजिनात वितळते आणि काचेसारखी चिकटते. घाईत विमानतळावर नेऊन बसवू नका. आमची बोट सिसिलीत कातानियाला लागली असताना एटनाची राख डेकवर पडली होती. आम्ही पाण्याचा जोरदार फवारा मारला. तिचा चिखल झाला, सगळ्या नाळ्या तुंबल्या, मग दोन दिवस खरवडत बसलो. पाणी नुसतं शिंपडायचं आणि फावड्याने भरून काढायची.

देवगडकर
तोंडाला ओला रुमाल बांधला की झालं.

फार्मसीवाली
नाही हो. ही चुलीतली राख नाही, दगडाचा आणि काचेचा चुरा आहे. रुमाल ओला केला म्हणून बारीक कण अडत नाहीत. एन-९५ मास्क घट्ट बसवून लावायचा. ताई, तिला दमा आहे का? लेन्स लावते का?

गुहागरची आई
गाव लेगास्पी, डोंगर मायोन. दमा आहे, लहानपणापासून पंप घेते. लेन्सही लावते.

फार्मसीवाली
अहो, हे आधी सांगायचं! लेन्स आत्ताच काढून चष्मा लावायला सांगा. पंप सतत जवळ हवा. बाहेर पडायचंच नाही. खिडक्या बंद, एसी बंद, दाराखाली ओला टॉवेल.

जांभा
आपल्याकडे उन्हवऱ्याला उकळतं पाणी येतं, तिथे कधी फुटेल का हो?

खाडीकाठ
नाही. ते पाणी खोल भेगांतून तापून वर येतं. आपला कातळ लाव्ह्याचाच आहे, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे एक आई वाट बघतेय.
ताई, लेगास्पी मायोनच्या तोंडापासून साधारण १५ किलोमीटरवर आहे. कायमचं धोक्याचं क्षेत्र ६ किलोमीटरचं, म्हणजे ती त्याच्या बाहेर आहे. पण इशाऱ्याचे टप्पे ० ते ५ असतात, ते 'फिव्होल्क्स' ही तिथली सरकारी संस्था जाहीर करते. आज कितवा आहे ते तिने रोज बघावं. जागा सोडायला सांगितली तर सामान आवरत बसू नये.
आणि पाऊस लागला तर ओढ्याकाठी, नदीकाठी अजिबात जायचं नाही. २००६ च्या नोव्हेंबरात वादळी पावसाने मायोनवरची जुनी राख चिखल होऊन खाली आली आणि गावंच्या गावं गाडली. डोंगराचा उद्रेक तेव्हा थांबलेला होता. २०२१ ला तळियेत काय झालं ते आपण पाहिलंय, पावसात डोंगर खाली येतो म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको.

बोटवाला
छप्पर पत्र्याचं का? पन्हळीचं पाणी टाकीत जातं का?

गुहागरची आई
हो, पत्र्याचं. टाकीत जातं.

बोटवाला
मग पन्हळीचा पाइप आधी सोडवा, टाकीवर झाकण घाला. ओली राख फार जड होते, पत्रा वाकतो. साफ करायला घरमालकाने माणूस आणावा, हिने वर चढायचं नाही.

देवगडकर
तिकडची फी किती पडते? पुतण्याला विचारायचं होतं.

गुहागरची आई
आत्ताच बोलणं झालं. लेन्स काढल्या, पाइप सोडवला, टॉवेल लावला. आवाज जड येतोय. पंप एकच उरलाय आणि कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान बंद आहे. लेगास्पीत कुणाचं मूल आहे का? असेल तर कृपा करून मला लगेच निरोप पाठवा.