मदत हवी आहे: पार फाइल लावली की जोडताऱ्यातला मिलिसेकंद पल्सार गायब होतो

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. बेळगावात एमएस्सीच्या प्रकल्पासाठी जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अर्काइव्हमधला डेटा घेतला आहे. पल्सार (ठराविक वेळाने रेडिओ स्पंद, म्हणजे पल्स, पाठवणारा फिरता तारा) जे१९०९-३७४४, पट्टा ३०० ते ५०० मेगाहर्ट्झ, १०२४ चॅनेल, ८१.९२ मायक्रोसेकंद, १६ बिट, ३० मिनिटं (सुमारे ४५ जीबी). अ‍ॅक्सेलसर्च या शोध प्रोग्रामला २.९४७ मिलिसेकंदाजवळ उमेदवार मिळतो, डीएम (वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे खालच्या फ्रिक्वेन्सी किती उशिरा येतात त्याचं माप) १०.४ च्या आसपास. पण प्रसिद्ध झालेली पार फाइल (पल्सारचा आवर्तकाळ, कक्षा वगैरे आकडे असलेली) देऊन प्रेपफोल्ड (पल्स एकावर एक रचणारा, म्हणजे फोल्ड करणारा प्रोग्राम) चालवला की नुसता गोंगाट. शिवाय उमेदवारावर फोल्ड केलेला पल्स ०.३ मिलिसेकंद रुंद येतो, हे जास्त वाटतं. कुठे तपासू?

मलप्रभाकाठ
सर्चमध्ये पल्सार दिसतोय, म्हणजे डेटा चांगला आहे. डीएम बरोबर येतोय, म्हणजे चॅनेलचा क्रमही उलटा नाही. फक्त पार फाइलनेच बिघडत असेल तर संशय एकाच गोष्टीवर घ्यायचा: फाइलमधली वेळ.

जीएमआरटीच्या डेटासोबत येणाऱ्या एचडीआर फाइलमध्ये सुरुवातीची वेळ भारतीय प्रमाणवेळेत असते. डेटाची फिल्टरबँक फाइल (वेळ आणि चॅनेलनुसार मांडलेली) करताना ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) करावी लागते, आणि पहाटे साडेपाचच्या आधीचं निरीक्षण असेल तर तारीखही एक दिवस मागे न्यावी लागते. समजा एचडीआरमध्ये १३ तारीख, ०२:१० आहे. यूटीसी होईल १२ तारीख, २०:४०. एमजेडीचा (दिवसांच्या सलग मोजणीचा) अपूर्णांक ०.०९०२८ नव्हे, आदल्या दिवसाचा ०.८६१११ हवा.

साडेपाच तास इतके का नडतात ते बघा. या पल्सारची कक्षा १.५३३ दिवसांची, त्यामुळे साडेपाच तासांत तो कक्षेत ५४ अंश पुढे सरकतो. कक्षेतला दृष्टिरेषेतला वेग सेकंदाला सुमारे २७ किलोमीटरपर्यंत जातो. कक्षेची जागा एवढी चुकली की आवर्तकाळ दहा हजारात पाऊण भागापर्यंत चुकतो, आणि तीस मिनिटांत पल्स पन्नासेक फेऱ्या घसरतो. पार फाइल -टाइमिंग या पर्यायाने दिल्यावर प्रेपफोल्ड आवर्तकाळ शोधत नाही, त्यामुळे सगळं पुसलं जातं. सर्च स्वतःच आवर्तकाळ आणि त्वरण शोधतो, म्हणून त्याला पल्सार सापडतो.

हेडरमध्ये टेलिस्कोप आयडी ७ (जीएमआरटीचा) आहे ना, तेही पाहा. दुर्बिणीच्या जागेऐवजी पृथ्वीचा मध्य धरला गेला तर पृथ्वीच्या फिरण्याचा वेग सुटतो, आणि अर्ध्या तासात जवळजवळ एक फेरी जाते.

पुढच्या वेळी प्रेपफोल्डच्या चित्रात वेळ विरुद्ध फेज हा उभा भाग आधी बघत जा. पट्टा सरळ पण तिरका: आवर्तकाळ चुकला. वाकलेला: त्वरण, म्हणजे कक्षा चुकली. सरळ उभा पण जाड: डीएम किंवा चॅनेलमधला पसारा. डीएम शून्यावर ५० किंवा १०० हर्ट्झचा झळझळीत उमेदवार आला तर तो विजेच्या तारांचा, सोडून द्या.

तुमचा जाड पल्स तिसऱ्या प्रकारातला. ४०० मेगाहर्ट्झवर ०.१९५ मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलमध्ये डीएम १०.३९ मुळे २६० मायक्रोसेकंद पसरतात, ३०० वर ६२० पर्यंत. एकदा नोंदलेल्या चॅनेलमधला हा पसारा नंतर काढता येत नाही. खालचे १०० मेगाहर्ट्झ टाकून फोल्ड करा, फरक दिसेल. त्याच निरीक्षणाची कोहेरंट डीडिस्पर्शन केलेली (चॅनेलमधला पसारा नोंदण्याआधीच काढलेली) फाइल अर्काइव्हमध्ये असेल तर तीच घ्या. आणि डीएम १०.४ असा गोल करू नका. ०.०१ चा फरकसुद्धा पूर्ण पट्ट्यावर ०.३ मिलिसेकंद होतो, म्हणजे दहावा हिस्सा फेरी.

टिळकवाडीकर
धन्यवाद सर. एचडीआर ०२:४६ चा होता. तारीख मागे घेऊन फाइल पुन्हा केली, पट्टा सरळ उभा आला. वरचा अर्धा पट्टा घेतल्यावर पल्सही बराच बारीक झाला. आता टीओए (पल्स पोहोचण्याच्या वेळा) काढून फिट करताना बायनरी मॉडेल कोणतं ठेवू? बीटी मॉडेलमध्ये टी० (कक्षेतल्या सगळ्यात जवळच्या बिंदूवर असण्याची वेळ) आणि ओमेगा (त्या बिंदूची दिशा) दोन्हींच्या त्रुटी प्रचंड येतात.

मलप्रभाकाठ
ईएलएल१ (जवळजवळ वर्तुळाकार कक्षांसाठीचं मॉडेल) ठेवा. ही कक्षा जवळजवळ परिपूर्ण वर्तुळ आहे, मग उपसूर्यबिंदूसारखा कक्षेतला सगळ्यात जवळचा बिंदू ठरवायचा कशावरून? टी० आणि ओमेगा हातात हात घालून सरकतात. ईएलएल१ मध्ये त्यांच्या जागी टीएएससी (आरोही पाताची वेळ) आणि ईपीएस१, ईपीएस२ (विकेंद्रतेचे दोन घटक) येतात. एका सत्रात मात्र कक्षा फिट करू नका. ३० मिनिटं म्हणजे कक्षेचा दीड टक्कासुद्धा नाही. कक्षेच्या निरनिराळ्या भागांतली सत्रं गोळा होईपर्यंत पीबी (कक्षेचा काळ), ए१ (कक्षेचा आकार), टीएएससी गोठवून ठेवा.

निपाणी_रेडिओ
याच धाग्यात विचारतो. जे१५४४+४९३७ च्या तासाभराच्या डेटात मधली वीसेक मिनिटं पल्स नाहीत. हस्तक्षेप समजून ती काढू का?

मलप्रभाकाठ
थांबा, आधी कक्षेतली जागा काढा. जीएमआरटीनेच शोधलेला हा २.१६ मिलिसेकंदांचा पल्सार आहे, २.९ तासांच्या कक्षेत, आणि त्याला ग्रहण लागतं. २०१३ च्या शोधनिबंधात ३२२ मेगाहर्ट्झवर ते कक्षेच्या १३ टक्के, म्हणजे साधारण २२ मिनिटं टिकतं. ६०७ मेगाहर्ट्झवर ग्रहणाच्या काळातही पल्स दिसले आहेत. खंड कक्षेच्या ०.२५ फेजभोवती असेल तर सोबत्याच्या वायूने पल्स अडवले असं धरा. खंडाच्या दोन्ही कडांना पल्स उशिरा येतात, कारण तिथे डीएम वाढतो. ते टीओए कक्षेच्या फिटमधून वगळा, पण फेकू नका. वायूचं मोजमाप त्यांच्यातूनच निघतं. सर्च करायचा असेल तर तुकडे सतरा मिनिटांपेक्षा मोठे नकोत, कक्षेच्या दहाव्या हिश्शानंतर एकसारखं त्वरण धरता येत नाही.