ओडिसीतल्या त्या बारा जणी: शिवी होमरची की भाषांतरकाराची?

शाईचा_डाग:
होमरच्या ओडिसी या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या बाविसाव्या सर्गाशी महिनाभर झटापट चाललीय. ग्रीक येत नाही, दोन इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवून मराठीत उतरवतोय. निव्वळ हौस. नायक ओडिसियसच्या बायकोला, पेनेलोपीला, मागणी घालायला आलेल्यांचा खातमा झाला की त्यांचा मुलगा टेलेमॅकस घरातल्या बारा बायकांना गलबताच्या दोरानं फासावर चढवतो. तिथंच अडलोय. रॉबर्ट फेगल्सच्या १९९६ च्या भाषांतरात तो त्यांना सरळ 'रांडा' म्हणावं अशी शिवी हासडतो. एमिली विल्सनच्या २०१७ च्या भाषांतरात त्याच जागी नुसतं 'या मुली'. मुळात आहे तरी काय? खरं सांगतो, मी शिवीच लिहून टाकली होती, जोरकस वाटली म्हणून. आणि या बायकांना म्हणायचं काय, मोलकरणी?

अर्धीकच्ची_ग्रीक:
मुळात शिवी नाही. ओळी ४६२ ते ४६४ बघा. टेलेमॅकस 'स्वच्छ मरण देणार नाही' म्हणतो, आणि पुढे फक्त 'हाय', म्हणजे 'ज्या'. स्त्रीलिंगी सर्वनाम, बास. इंग्रजीतल्या 'हू'ला लिंगच नाही, म्हणून तिथं एखादं नाम घालायचा मोह होतो आणि ते नाम प्रत्येक जण पदरचं घालतो. आपल्याला ती अडचणच नाही. 'ज्यांनी' म्हटल्यावर लिंग कळत नाही खरं, पण पुढं 'निजत होत्या' आलं की काम झालं.

मोलकरणी मात्र नको. मोलकरणीला मोल मिळतं. या 'द्मोआइ', गुलाम बायका. 'दासी' म्हटलं की मला पंखा ढाळणारी पुराणातली दासी दिसते, पण ते माझं.

आणि त्याच सर्गाची ३७ वी ओळ चुकवू नका. ओडिसियस त्या मागणी घालणाऱ्या पुरुषांना सुनावतो, की माझ्या घरातल्या गुलाम बायकांना तुम्ही 'बियाइओस' शेजेला घेतलंत. बियाइओस म्हणजे बळजबरीनं! चारेकशे ओळींनंतर त्याच घरात फास. ही विसंगती होमरनं उघडी ठेवलीय. शिवी घातली की ती झाकली जाते.

जुनं_खोड:
इतकंही सोवळं नको. टेलेमॅकस संतापलेला आहे, त्याच्या तोंडी गुळमुळीत भाषा शोभत नाही. शिवाय ४२४ व्या ओळीत घरातली म्हातारी दाई युरिक्लेआ या बारा जणींना निर्लज्ज ठरवतेच की. पन्नास जणींतून बारा तिनंच वेगळ्या काढल्यात.

अर्धीकच्ची_ग्रीक:
बरोबर, 'आनाइदेइए', निर्लज्जपणा. तो शब्द तिच्या तोंडी ठेवाच. पण ती कोण? पहिल्या सर्गात सांगितलंय, ओडिसियसच्या बापानं, लाएर्टीसनं, वीस बैलांच्या मोलानं विकत घेतलेली. गुलाम बाई गुलाम बायकांना निर्लज्ज म्हणते आणि मालकाचा मुलगा दोर बांधतो. तिचा शब्द काढून त्याच्या तोंडी घातला तर कोण कुणाला काय म्हणालं, हेच बदलतं. राग दोराच्या गाठीत पुरेसा आहे.

शाईचा_डाग:
पटलं. शिवी खोडली. रात्रभर बसून एवढं झालंय:

'यांना स्वच्छ मरण मी देणार नाही. ज्यांनी माझ्या डोक्यावर आणि आईवर निंदा ओतली, आणि ज्या त्या लोकांपाशी निजत होत्या.'

पुढं जाळ्यात सापडलेल्या पाखरांची उपमा आहे, आणि मग ही ओळ:

'पाय झाडत राहिल्या थोडा वेळ, फार वेळ नाही.'

इथं 'बिचाऱ्या' घालायचा हात शिवशिवला होता. तोही आवरला.