फोन धडधाकट, अपडेट मात्र बंद : तुमचे अनुभव लिहा

कपाट आवरताना आधीचा फोन हाती लागला. चार्जिंगला लावला, लगेच सुरू झाला. स्क्रीनवर ओरखडा नाही, कॅमेरा छान. पण बँकेचं ॲप उघडेना. सेटिंगमध्ये सिक्युरिटी पॅचची (सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणाऱ्या अपडेटची) तारीख 2019 ची आणि खाली हिरवी खूण, 'तुमची सिस्टीम अद्ययावत आहे'! संताप झाला. कंपनीने हात वर केले असतील तर तसं स्पष्ट लिहावं. तुमच्या बाबतीत काय झालं?

---

अगदी अगदी. बाबांच्या फोनचं हेच. त्यांना नवं रूप, नवी बटणं काही नको, आहे ते बोटांच्या सवयीचं झालंय. नुसते सुरक्षेचे पॅच द्या ना. सविस्तर रात्री लिहिते.

---

यात चिपवाल्यांचाही वाटा आहे. त्यांनी नव्या कर्नलसाठी (सिस्टीमच्या गाभ्यासाठी) ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, दिले नाहीत की फोन कंपनीचं घोडं तिथेच अडतं. 2017 ला अँड्रॉइड 8 बरोबर ट्रेबल नावाची गूगलची नवी रचना आली, ड्रायव्हरचा भाग बाकी अँड्रॉइडपासून वेगळा निघाला, काम सोपं झालं. तरी स्वस्त मॉडेलं वाऱ्यावरच. आणि जमत नाही असं कुणी सांगू नये. आयफोन 5एस 2013 चा, त्याला जानेवारी 2023 मध्येही सुरक्षा अपडेट मिळाला. गूगलच्या पिक्सेल 8 ला तर सात वर्षं अपडेटचा शब्द दिलाय.

---

मी जुन्या फोनवर लिनिएजओएस टाकलं, कंपनीऐवजी स्वयंसेवकांनी बनवलेलं अँड्रॉइड. फोन नव्यासारखा पळतो, पॅचही येतात. पण त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक करावा लागतो, आणि तो तसा दिसला की माझ्या बँकेचं ॲप चालत नाही. कंपनी अपडेट देणार नाही, आपण सोय केली तर बँक दारात उभं करणार नाही. माणसाने करायचं काय?

---

धागाकर्ती, बॅटरी बघितलीत का? पाठ फुगली असेल तर चार्जिंग लगेच बंद करा.

---

बघितली, पाठ सपाट आहे. आठवणीने विचारलंत, आभार. आता आईचे जुने फोटो काढून घेतेय.

---

फोटो केबलने घ्या, तो फोन नेटला जोडू नका.

---

युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नियम आहे. कंपनी जे अपडेट काढेल ते मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं फुकट द्यायचे. सगळीकडे हवा हा नियम. शेवटच्या अपडेटची तारीख खोक्यावरच छापा म्हणावं, घेणारा बघून घेईल.

---

+1, खोक्यावर तारीख हवीच.

---

लिनिएजवाले, टॅबलेटवर चालतं का ते? मुलीचा पडून आहे.

---

मॉडेल सांगा, बघून सांगतो.