दोन औषधं मिळून दुप्पट गुण?

ताई, काकांचा फुफ्फुसातला कार्सिनॉइड (सहसा हळू वाढणारा कर्करोग) पसरलाय, मग पॅसिरिओटाइडचं इंजेक्शन आणि एव्हरोलिमसची गोळी ही दोन्ही औषधं एकदमच का देत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. तसं करून पाहिलंय. २०१७ साली छापून आलेल्या 'लुना' चाचणीत फुफ्फुस आणि थायमस या छातीतल्या ग्रंथीच्या अशाच गाठींचे १२४ रुग्ण होते. नऊ महिन्यांनंतरही आजार न वाढलेले नुसत्या पॅसिरिओटाइडवर ३९ टक्के, नुसत्या एव्हरोलिमसवर ३३, दोन्ही मिळून ५८.५. आकडा बघून हुरूप येतो खरा, पण चाचणी दुसऱ्या टप्प्यातली, छोटी. तीन गटांची आपापसात तुलना करायला ती आखलेलीच नव्हती.

आणि साखर! ती दोन्ही औषधांनी वाढते. काकांना मधुमेह आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत; डॉक्टरांचा हात बहुधा तिथेच अडत असेल. एव्हरोलिमसने तोंड येतं ते वेगळंच. आमच्या सासऱ्यांची रविवारची मिसळ बंद होऊन गार दहीभात सुरू झाला, तर कोथरूडचा हा खवय्या घरात कुणाशी धड बोलेना. पपनसही या गोळीबरोबर नकोच.

पुढच्या भेटीला तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट न्या. डोटा पेट स्कॅन, म्हणजे असं इंजेक्शन जिथे चिकटतं त्या जागा गाठींवर आहेत का ते दाखवणारा स्कॅन, झालाय का? त्यात गाठी उजळल्या असतील तर इंजेक्शनचा विषय काढता येईल.