वाळूक, काकडी, खिरा : एकच का वेगवेगळं?

मंडळी, एक विचारायचं होतं. आम्ही वर्धेकडचे. घरी आंगणात मांडवावर चढवतो त्याला आई काकडी म्हणते, वावरात पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) तासात येते ते वायूक, अन् बाजारात तीच काकडी खिरा म्हणून विकतात. तिन्ही एकच का? बी आणलं की दरवर्षी यावरून घरात वाद. अन् वायूक शब्द शब्दकोशात काही सापडत नाही.

----

दादा, सापडणार कसा, वाळूक शोधा ना. वऱ्हाडीत ळ चा य होते, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, तसंच हे. संस्कृतात वालुकी आहे, वालुंकी पण आहे. वाळूत येते म्हणून वाळूक असं छातीठोक सांगणारे लय भेटतात, पण आपल्याकडे ते काळ्या जमिनीत ज्वारी-पऱ्हाटीत येते, नदीच्या वाळूत असते ती डांगरवाडी. (अन् डांगर म्हणजे आपलं खरबूज, पुण्याकडे भोपळा समजतात, तो घोळ वेगळाच.)

खिरा अन् काकडी एकच, तेच कोकणात तवसं. वाळूक मात्र खरबुजाच्या जातीचं. कोवळ्या फळावरून बोट फिरवून पाहा, काकडीवर बारीक बारीक काटे टोचतात, वाळकावर मऊ लव असते. पान पण पाहा, काकडीचं कोनाकोनाचं, वाळकाचं गोलसर.

----

ताई, मग शेजारच्या काकू म्हणतात ते खरं का, वाळकाजवळ लावली म्हणून काकडी कडू इख झाली?

----

नाही हो. काकडीची गुणसूत्रं 14 अन् वाळूक-खरबुजाची 24, दोघांचा संकर होतच नाही. अन् झाला असता तरी चव त्या फळात नाही, पुढच्या बियाण्यात उतरली असती. कडूपणा कुकर्बिटासिन नावाच्या कडू द्रव्याचा, तो वेलातच असते, अन् ऊन तापलं, पाणी कधी दिलं कधी विसरलं की फळात उतरते, देठाकडं जास्त. म्हणून देठाचा तुकडा कापून घासतात, त्यानं थोडाफार फरक पडत असेल पण आळ्यात पाणी रोज थोडं अन् बुडाशी पालापाचोळा हाच खरा इलाज. फारच कडू निघाली तर फेकून द्या, उलट्या होतात. पहिले आठ-दहा दिवस नुसती नर फुलं येतात, तेव्हा वेल वांझ निघाला म्हणून उपटू नका, मादी फुलाच्या मागं बोटाएवढी काकडी आधीच असते.

----

मध्येच बोलतो, ऋग्वेदाच्या 7व्या मंडलातल्या त्र्यंबक मंत्रात "उर्वारुकमिव बन्धनान्" आहे ना, म्हणजे उर्वारुक देठाच्या बंधनातून सुटते तसं, त्या उर्वारुकाचा अर्थ सगळे काकडी करतात. पण आपली काकडी पिकली तरी देठ सोडत नाही, पिवळी होऊन वेलावरच सडते. पिकलं की देठापासून अलगद सुटते ते खरबूज. मला तरी तिथं वाळूक-खरबुजाच्याच घरातलं फळ दिसते.

----

पटलं बाप्पा. अन् शेंदाड?

----

ते पण त्याच गोतातलं, आपोआप उगवते. भित्र्या माणसाले शेंदाड शिपाई म्हणतात ते यावरूनच. बी घेताना मात्र पाकिटावरच्या नावावर जाऊ नका, चित्र पाहून घ्या, काकडी छापलेल्या पाकिटातून आमच्याकडं वाळूक निघालं आहे.